सात अंशांची काच

दिघोरीच्या बुद्धविहाराला लागून दोन खोल्या आहेत. एकाच गवंड्यानं, एकाच मापानं, एकाच वर्षी बांधलेल्या, आणि दोन्हींना पश्चिमेकडे चार-चार खिडक्या. पश्चिमेला खिडक्या ठेवायची अक्कल कोणाची, हे गावात आजवर कोणी कबूल केलेलं नाही. ज्याला विचारावं तो त्या दिवशी लाखांदूरला गेलेला असतो. एका खोलीत सतरंज्या, भोंगे आणि जयंतीच्या मिरवणुकीचं सामान पडलेलं असतं. दुसरीत अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, बँक असल्या परीक्षांची तयारी करणारी पंचवीसेक पोरं-पोरी तिथं बसतात. मे महिन्यात दुपारी बारानंतर तिथं बसायचं म्हणजे परीक्षेआधीची परीक्षा होती.

या अभ्यासिकेच्या चार खिडक्यांना संघपालनं आपली काच बसवली.

संघपाल याच गावचा. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्या वर्षी तो सातवीत होता. बाप तो कॉलेजात असताना गेला. माय धुरपता लोकांच्या शेतांतल्या बांध्यांत रोवणीला जायची, कमरेतून वाकून दिवसभर धानाची रोपं लावायची, आणि पोरगा नागपुरात शिकायचा. पुढे तो तिथल्याच एका संशोधन संस्थेत लागला. त्याच्या नावामागं डॉक्टर लागल्यावर पहिल्याच भेटीत गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला आपले गुडघे दाखवले होते. हा डॉक्टर काचेचा आहे हे गावाला पटायला पुढं बरीच वर्षं लागली.

त्याची काच अशी. दोन काचा, आणि त्यांच्या मध्ये एका खास जेलचा पातळ थर. काच गार असली की आरपार दिसतं. तापून बत्तीस अंशांच्या वर गेली की ती दुधासारखी पांढरी होते आणि ऊन बाहेरच्या बाहेर परतवते. पुन्हा गार झाली की पुन्हा स्वच्छ. वीज नको, बटण नको, माणूस नको. काचेला स्वतःलाच कळतं केव्हा डोळे मिटायचे ते.

उद्घाटन फेब्रुवारीच्या सुरुवातीला झालं, सकाळी नऊला, गार हवेत. काचा इतक्या लख्ख होत्या की पलीकडच्या बोडीतले, त्या छोट्या तळ्यातले, बगळे मोजता येत होते. संघपालनं पडद्यावर चित्रं दाखवत पाऊण तास भाषण केलं. त्या भाषणात पारगम्यता होती, परावर्तन होतं, प्रावस्था-संक्रमण होतं. फक्त ‘ही काच उन्हाळ्यात पांढरी होईल, घाबरू नका’ एवढं एक साधं वाक्य माणसाच्या भाषेत नव्हतं. आणि ज्यांना ते कळायला हवं होतं त्यांनी ते ऐकलंही नसतं, कारण धुरपता आणि चार बाया त्या वेळी मागच्या बाजूला नव्वद माणसांचा चहा गाळत होत्या. भाषण संपल्यावर आनंदराव गुरुजी म्हणाले, छान बोललास. गुरुजींना काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि संघपालनं विचारलं नाही.

आनंदराव गुरुजी म्हणजे विहाराचे प्रमुख, आणि संघपालचे चौथीचे मास्तर. त्यांच्या वर्गात एक नियम होता. गणित येत नसेल तर पाटी कोरी ठेवायची. कोऱ्या पाटीला ते रागवायचे नाहीत. शेजारच्याचं पाहून लिहिलेल्या बरोबर उत्तराला मात्र छडी मिळायची. रोज संध्याकाळी विहारात वंदना तेच घ्यायचे, आणि पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते इतक्या सावकाश म्हणायचे की मागं बसलेल्या माणसाला दिवसभरातलं सगळं आठवावं.

संघपालनं दोन्ही खोल्यांत तापमान आणि दमटपणा मोजणारी यंत्रं लावली. एका खोलीत त्याची काच, दुसरीत साधी. दर दहा मिनिटांनी आकडे नागपूरला त्याच्या संगणकावर. मग तो निघून गेला, आणि तिथंच त्याचं चुकलं. आकडे घरबसल्या येत असल्यावर माणूस कशाला उन्हातान्हात दिघोरीला जातो?

त्याचा स्वतःचा हिशेब सांगत होता की अभ्यासिका शेजारच्या खोलीपेक्षा तीन अंशांनी गार राहावी. फार तर साडेतीन. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फरक सहा अंशांचा आला. महिना सरता सरता सातचा. संघपाल खुर्चीवरून उठून दोनदा खोलीत फिरून आला. खरं तर उठून त्यानं बसस्टँडवर जायला हवं होतं. मागितल्याच्या दुप्पट पदरात पडलं की भिकारीसुद्धा एकदा नाणं वाजवून बघतो. संघपालनं ते वाजवलं नाही. विदर्भाचं कोरडं ऊन काचेला मानवतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं, मग संस्थेतल्या साहेबांना सांगितलं, मग नागपुरात एका परिषदेत शंभर माणसांना सांगितलं. टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला. माय फोनवर म्हणायची, ‘काच झकास हाय, तू फिकर करू नको.’ त्यालाही फिकर करायची नव्हतीच.

त्या सात अंशांवर पुढं बरंच काही उभं राहिलं. जिल्ह्यातल्या साठ अंगणवाड्यांना ही काच बसवायचं ठरत आलं. साठ अंगणवाड्या म्हणजे दीड-दोन हजार लेकरं, पत्र्याखाली आणि स्लॅबखाली उन्हाळा काढणारी. त्याआधी एक पाहणी समिती दिघोरीला येणार होती. समितीच्या प्रमुख होत्या रत्नमाला मॅडम, निवृत्तीला आलेल्या शास्त्रज्ञ, थोडं बोलणाऱ्या आणि फार बघणाऱ्या. त्यांनी हो म्हटलं की काम झालं.

समिती यायच्या दोन दिवस आधी संघपाल न सांगता गावात उतरला. दुपारचा एक वाजला होता. भाजून काढणाऱ्या वाऱ्याची झांज अशी सुटली होती की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घराला कुलूप दिसलं म्हणून तो विहाराकडं गेला, आणि अभ्यासिकेच्या मागच्या बाजूला वळला तसा थांबला.

चारही खिडक्यांवर धानाची रिकामी पोती टांगलेली होती. ओलीचिंब. वरच्या झरोक्यापासून खालच्या चौकटीपर्यंत. पायाशी पाण्याचा ड्रम, आणि त्याची माय डोक्यावर पदर घेऊन लोट्यानं त्या पोत्यांवर पाणी मारत होती. झांज त्या ओल्या पोत्यांतून गाळून झरोक्यांवाटे आत जात होती. आत पंचवीस पोरं सुखानं अभ्यास करत होती. करणारच. त्यांच्या खोलीला गावानं फुकटचा कूलर लावला होता.

“माय, हे काय करून राहिली तू?”

धुरपता वळली. पोरगा आला म्हणून तिचं तोंड फुलून आलं होतं.

“आलास? काई नाई, दुपार झाली ना. होळीपासून रोजच टांगावं लागते.” मग ती जवळ येऊन हळू बोलली, आतल्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. “तुयी काच आंधळी व्हाले लागली बापा. बारा वाजले का मोतीबिंदूवानी पांढरी. लोकं हसत. डॉक्टरची काच उन्हानं नासली म्हनत. मले सहन नाई झालं. ओलं पोतं टाकून पाह्यलं, त घंटाभरात साफ. पाह्य ना.”

तिनं पोत्याचा कोपरा वर उचलला. खालची काच फेब्रुवारीतल्या सकाळसारखी लख्ख होती.

“मले फोन काहून नाई केला?”

“तुले वाईट वाटलं असतं,” धुरपता म्हणाली.

संघपालला हिशेब करायला कागद लागला नाही. ओल्या पोत्याखाली काच गार राहिली, म्हणजे ती पांढरी झालीच नाही. पांढरी झाली नाही, म्हणजे तिनं ऊन अडवलंच नाही. उन्हाळाभर, भर दुपारी, जेव्हा तिची खरी गरज होती, तेव्हा त्याची काच पोत्याआड स्वस्थ झोपली होती. सात अंश पोत्याचे होते, ड्रमातल्या पाण्याचे होते, मायच्या हातांचे होते. त्यानं ते आपल्या नावावर शंभर माणसांना वाचून दाखवले होते.

शरमेचा एक प्रकार असा असतो की माणूस खाली बसतो, खरं सांगतो आणि मोकळा होतो. दुसरा प्रकार माणसाला हुशार करतो. संघपालला दुसऱ्या प्रकारची शरम आली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला त्या क्षणी कोणी शिकवायची गरज पडली नाही. त्यानं पोती उतरवली, घडी करून सतरंज्यांच्या खोलीत ढकलली, ड्रम उपडा केला. मायला सांगितलं, आता हे पुरे, काचेचं मी बघतो, आणि कोणाजवळ यातलं बोलू नको. मायनं मान हलवली. मूठ झाकायची तर एवढ्यानं भागत नव्हतं. माय साधी. कोणी कौतुकानं विचारलं तर पोत्यापासून लोट्यापर्यंत सगळं सांगून मोकळी होणारी.

म्हणून संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, परवा समिती येणार आहे, तर तू उद्याच सानगडीला जाऊन ये, भावनाकडं, राहा दोन दिवस. भावना म्हणजे त्याची बहीण, सानगडीला दिलेली.

धुरपताचा घास हातातच राहिला. तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. रोवणीच्या चिखलानं बोटांच्या कातडीला पडलेल्या भेगा कधी बुजल्याच नव्हत्या.

“हो,” ती म्हणाली. “मोठे लोकं येतीन. मी कायले मंधात.” आणि थोड्या वेळानं, “भावनानं देल्लं पातळ हाय मायाजवळ. नवंच हाय. ते नेसली असती त...” वाक्य तिनं तिथंच सोडलं आणि ती पाणी आणायला उठली.

तिला काय वाटलं ते संघपालला कळलं. पोराला साहेबांपुढं आपली लाज वाटते, असं तिला वाटलं होतं. तसं नव्हतं. दोन वाक्यांत तो तिचा गैरसमज काढू शकत होता. पण ती दोन वाक्यं खरी बोलावी लागली असती. मायचा गैरसमज त्याच्या सोयीचा होता. त्यानं तो तसाच राहू दिला, भात कालवला आणि जेवला. या सगळ्या प्रकरणात त्यानं केलेल्या गोष्टींत सगळ्यांत हलकी गोष्ट ही होती, आणि ती करायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत.

सकाळी तिला त्यानं एसटीत बसवलं. तिनं खिडकीतून सांगितलं, मडक्यातलं वरण गरम करून घे. गाडी गेली.

समिती ठरल्या दिवशी दुपारी बाराला आली. चारही काचा दुधासारख्या पांढऱ्या होत्या. पोरं घामानं भिजली होती, पण बसून होती. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पोती गेली, ड्रम उपडा झाला, धुरपताबाई गावाला गेली, आणि डॉक्टरसाहेब आले. एवढ्यावरून स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी उत्तर काढू शकत नसेल तर त्यानं परीक्षा द्यावीच कशाला? सगळ्यांनी माना पुस्तकात घातल्या होत्या. गुरुजी पांढऱ्या सदऱ्यात दाराशी उभे होते.

रत्नमाला मॅडमनी काचेला हात लावून पाहिला. दोन्ही खोल्यांतली यंत्रं पाहिली. फरक तीन अंशांचा होता. संघपाल घाईनं म्हणाला, आज आकाशात ढग आहेत, म्हणून. आकाशात एक ढग होता, तोही सानगडीच्या बाजूला. मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला. त्याच्याच अहवालातला, दमटपणाचा. तापमानाच्या आनंदात संघपालनं त्या कागदाकडं कधी धड पाहिलंच नव्हतं.

अभ्यासिकेतला दमटपणा रोज बारापासून चढतो आणि चारनंतर उतरतो, त्या म्हणाल्या. शेजारच्या खोलीत तसं नाही. आणि काल-आज इथंही नाही. हे कशामुळं?

संघपालनं कागद हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. आणि तेव्हा दाराशी उभे असलेले आनंदराव गुरुजी बोलले. दुपारी पोरांची गर्दी असते, ते म्हणाले. पाण्याचे माठ आतच ठेवलेले असतात. परवापासून ते बाहेर काढले, पाहणी आहे म्हणून. त्याचा दमटपणा असेल.

मॅडमनी त्यांच्याकडं वळून सरळ विचारलं, “गुरुजी, या काचांना उन्हाळ्यात कोणी काही केलं? कापड, पाणी, काही?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “कोणी हात लावला नाही.”

शुद्ध भाषेत म्हणाले, शाळेत म्हणत तसं. मॅडमनी त्या पांढऱ्या सदऱ्याकडं, त्या वयाकडं पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. आम्ही आज लाखांदूरला मुक्काम करतो, उद्या बाराला पुन्हा एकदा आकडे घेऊ आणि निघू, असं सांगून त्या गाडीत बसल्या.

गाडीची धूळ बसल्यावर संघपाल गुरुजींकडं गेला. गुरुजी चप्पल घालत होते. ते त्याच्याकडं न बघता म्हणाले, गावातून एवढा शिकलेला तू एकच आहेस. आणि हळूहळू घराकडं चालू लागले. त्यांनी ‘तू असं का केलंस’ म्हणून विचारलं असतं तर बरं झालं असतं. छडी दिली असती तर फारच बरं झालं असतं.

संध्याकाळी विहारात वंदना झाली. तीस-पस्तीस माणसं होती. संघपाल सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून बसला. गुरुजींनी नेहमीसारखी सुरुवात केली. पहिलं शील म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. लोक मागून म्हणत होते. मग गुरुजी थांबले.

आधी सगळ्यांना वाटलं श्वास घेताहेत. मग वाटलं विसरले. चाळीस वर्षं रोज म्हटलेलं माणूस विसरत नाही. गुरुजी हात जोडून, डोळे मिटून, ओठ घट्ट मिटून बसले होते. उदबत्तीची राख पडली तरी ते बोलले नाहीत. शेवटी पुढं बसलेल्या मंदाबाईंनी चौथं शील स्वतःच म्हणायला सुरुवात केली आणि लोकांनी ते पूर्ण केलं. पाचव्याला गुरुजींचा आवाज पुन्हा आला, थोडा बसलेला.

ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं. मागं वळून कोणी पाहिलं नाही, एवढी सभ्यता गावानं दाखवली. संघपालला ती सभ्यता सोसवेना. तो ज्या भिंतीला टेकला होता ती दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होती, तरी त्यानं पाठ हलवली नाही. त्याच्या लक्षात आलं की आपण चोरी एकट्यानं केली आणि शिक्षा वाटून दिली. मायला सानगडीला घालवलं. चौथीत ज्यांनी कोरी पाटी ठेवायला शिकवलं त्यांच्या पाटीवर आपलं खोटं उत्तर लिहून ठेवलं. आणि आपण मात्र पोत्यांबद्दल तोंडातून एक शब्दही न काढता स्वच्छ राहिलो, काचेसारखे.

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो सानगडीला गेला. धुरपता भावनाच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून घाबरली. काच फुटली का, हेच तिनं पहिलं विचारलं. नाही, तू चल, एवढंच तो म्हणाला.

परतीच्या एसटीत त्यानं तिला ते सांगितलं जे फेब्रुवारीत सांगायला हवं होतं. तापली की पांढरी होते तेच तिचं काम, माय. छत्री उघडल्यासारखं. पांढरी झाली म्हणजे ती ऊन अडवते. ओल्या पोत्यानं ती गार होते, आणि छत्री मिटते.

हे तिला पहिल्या फटक्यात समजलं. पारगम्यतेची काही गरज पडली नाही. तिनं समोरच्या सीटचा दांडा धरला आणि विचारलं, “म्हंजे तुयी काच मीच नासवली का?”

“नाई,” तो म्हणाला. “मी तुले सांगतलंच नव्हतं.”

तिला सानगडीला का घालवलं होतं, तेही आता सांगायचं होतं. दिघोरीचा फाटा येईपर्यंत ते त्याच्या ओठांवर होतं. फाटा आला, गाडी थांबली, आणि ते तिथंच राहिलं. शूरपणाही माणसाला हप्त्या-हप्त्यानं येतो.

बाराला समिती आली तेव्हा संघपालनं पोती बाहेर काढली होती आणि ड्रम भरून ठेवला होता. गावातली वीस-तीस माणसं लांब सावलीत उभी होती, गुरुजीही. मॅडम गाडीतून उतरल्या. त्यांना काही विचारू न देता त्यानं दोन पोती ड्रमात बुडवली आणि पहिल्या दोन खिडक्यांवर टांगली. शर्टाच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत गेलं. उरलेल्या दोन काचा पांढऱ्याच होत्या. थोडं थांबावं लागेल, तो म्हणाला.

तिथं सगळे उन्हात थांबले. काच गार व्हायला तिचा वेळ घेते. तिला कोणाच्या शरमेशी देणंघेणं नसतं. अर्ध्या तासानं त्यानं पोतं उचललं. खालची काच आरपार झाली होती, आणि आतून पुस्तकावर मान घातलेली पोरं दिसत होती.

मग त्यानं सांगितलं. सात अंश काचेचे नाहीत. उन्हाळाभर इथं रोज पोती होती. काच तीनच अंशांची आहे, काल तुम्ही पाहिले ते तीन. मला तीन दिवसांपूर्वी कळलं, आणि तरी मी काल गप्प बसलो. गुरुजी जे बोलले ते मला वाचवायला बोलले.

मॅडमनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मान खाली घातली नाही, पण डोळे मिटले.

“मग ही पोती टांगायचं कोण?” मॅडमनी विचारलं.

“मी,” धुरपता पुढं आली. तिनं ते नवं पातळ नेसलं होतं. कधी नेसलं ते संघपालला कळलंच नव्हतं.

मॅडमनी तिला सगळं विचारून घेतलं. किती वाजता, किती पाणी, किती वेळा. धुरपतानं पोत्यापासून लोट्यापर्यंत सगळं सांगितलं. मॅडम लिहीत गेल्या. मग वही मिटता मिटता त्यांनी सहज विचारलं, “काल तुम्ही दिसला नाहीत?”

“पोरीकडे गेलती,” धुरपता पटकन म्हणाली. “मायंच काम होतं. मीच गेलती.”

संघपालनं तिच्याकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती मॅडमकडं बघून हसत होती, आणि तिचे दोन्ही हात पदराआड होते. गुरुजींच्या खोट्याच्या वेळी त्याच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. आज पुन्हा कोणीतरी तेच त्याच्यासाठी करत होतं, आणि तो गप्प राहिला असता तर कोणाचंही काही बिघडलं नसतं. काचेचं खरं तर सांगून झालं होतं. एवढं एक घरातलं, घरात राहिलं असतं.

“नाही,” तो म्हणाला. आवाज इतका फाटला की सावलीतल्या माणसांनी वर पाहिलं. “मी पाठवलं तिला. ती तुम्हाला खरं सांगेल म्हणून पाठवलं. तिला वाटलं, मला तिची लाज वाटते. मी तसं वाटू दिलं.”

धुरपताच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तिनं ते पुसायला हात पदराआडून बाहेर काढले.

मॅडमनी निघताना सांगायचं ते सांगितलं. उन्हाळ्याचे सगळे आकडे रद्द. परिषदेला आणि पेपरवाल्यांना तुम्ही स्वतः लिहून कळवा. अंगणवाड्यांचं काम थांबेल, पुढच्या उन्हाळ्यात नव्यानं मोजणी होईल. तीन अंश खरे असतील तर तीनही कमी नाहीत, असंही त्या म्हणाल्या, पण ते गाडीचं दार लावता लावता. त्या साठ अंगणवाड्यांतल्या लेकरांचा आणखी एक उन्हाळा गेला तो गेला, आणि तो कोणामुळं गेला हे संघपालला पुढं कोणी सांगायची गरज पडली नाही.

संध्याकाळी तो पुन्हा विहारात मागच्या भिंतीशी बसला. माय शेजारी येऊन बसली, त्याच पातळात. गुरुजींनी सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याआधी ते क्षणभर थांबले, आणि मग नेहमीपेक्षाही सावकाश त्यांनी ते म्हटलं, एकेक अक्षर मोकळं करत. लोक मागून म्हणू लागले. दुपारीच लेकासाठी बिनदिक्कत खोटं बोललेली धुरपता ते शील खणखणीत आवाजात म्हणत होती. संघपालनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मायनं त्याच्याकडं न बघता आपला भेगाळलेला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्या वाटचंही म्हणून टाकलं.